जीव गेल्यावर घरच्यांना काय मागता येते?

मित्रांनो, फॅक्टर ऑफ सेफ्टीची गणिते आपण पहिल्या वर्षापासून सोडवतो. तो कमी पडला तर बीम वाकतो, रोप तुटतो, बॉयलर फुटतो, इथपर्यंत आपली पुस्तके सांगतात. त्या बीमखाली उभा असलेला माणूस गेला तर त्याच्या घरच्यांचे पुढे काय होते, हा भाग मात्र कोणत्याच सेमिस्टरला नाही! बऱ्याच घरांनाही तो ठाऊक नसतो. साईटवर मजूर दगावतो, कोणीतरी त्याच्या बायकोच्या हातावर थोडे पैसे ठेवून कागदावर अंगठा घेते आणि प्रकरण 'मिटते'. खरे तर कायदा तिला बरेच जास्त देतो. पण तो मागणाऱ्यालाच देतो, आणि तेही मुदतीत मागितले तरच.

पोलीस केस वेगळी, भरपाई वेगळी

पहिला आणि सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हा, की पोलीस केस झाली म्हणजे सगळे झाले. निष्काळजीपणाने मृत्यू घडवणे हा गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम 304-अ खाली येई आणि कमाल शिक्षा दोन वर्षे होती. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचे कलम 106 लागू झाले असून शिक्षा पाच वर्षांपर्यंत गेली आहे. (नोंदणीकृत डॉक्टरकडून उपचार करताना घडले तर दोन वर्षांपर्यंत.) पण हा खटला सरकार चालवते, आणि त्याचा मुख्य प्रश्न आरोपीला शिक्षा द्यायची की नाही हा असतो.

भरपाईचा दावा घरच्यांनी स्वतः करायचा असतो. तिथे पुराव्याचे मापही वेगळे असते. फौजदारी कोर्टात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो, तर भरपाईच्या दाव्यात कोणती बाजू जास्त संभवनीय आहे एवढे पाहतात. म्हणून आरोपी सुटला तरी भरपाई मिळू शकते. "आधी केसचा निकाल लागू दे, मग बघू," असे म्हणत जे थांबतात, त्यांची दाव्याची मुदत तोवर संपून गेलेली असते.

1855 चा कायदा

इंग्लंडमध्ये जुना नियम होता की माणूस मेला की त्याचा दावाही त्याच्याबरोबर मेला. म्हणजे एखाद्याचा पाय मोडला तर भरपाई द्यावी लागे, तोच माणूस ठार झाला तर काहीच नाही! 1846 मध्ये तिथे हा नियम बदलला. आपल्याकडे 1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि दोनच वर्षांनी, 1855 मध्ये, प्राणघातक अपघात कायदा आला. तो आजही लागू आहे. पती, पत्नी, आईवडील आणि मुले यांच्यासाठी दिवाणी कोर्टात दावा करता येतो. मुदत मृत्यूपासून दोन वर्षे.

या कायद्याचे एक उदाहरण आपल्या मातीतलेच आहे. मे 1953 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका तरुणाची मांडी मोडली. उपचारासाठी त्याला पुण्याला आणले आणि तिथे तो दगावला. आईवडिलांनी दावा लावला. सुप्रीम कोर्टाचा निकाल आला 1968 साली! डॉक्टरची हयगय कोर्टाने मान्य केली आणि खालच्या कोर्टाने दिलेली 3,000 रुपयांची भरपाई कायम केली. रक्कम छोटी होती, पण डॉक्टरने किती काळजी घ्यायला हवी हे सांगताना त्या निकालाचा दाखला पुढे वारंवार दिला गेला.

रस्त्यावरचा अपघात : गणित मांडू

मोटार अपघाताचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातो. भरपाई कशी काढायची हे सुप्रीम कोर्टाने 2009 च्या सरला वर्मा आणि 2017 च्या प्रणय सेठी या निकालांत ठरवून दिले आहे. आपल्याला गणित आवडते, म्हणून एक उदाहरण घेऊ. वय 28, खासगी नोकरी, पगार महिना 20,000. मागे बायको, एक मूल आणि आई.

वार्षिक उत्पन्न 2,40,000. पगार पुढे वाढला असता म्हणून त्यात 40 टक्के मिळवा (चाळिशीच्या आतल्या, कायम नोकरी नसलेल्यासाठी). झाले 3,36,000. तो स्वतःवर काही खर्च करतच होता. अवलंबून असलेले दोन किंवा तीन असतील तर त्यापोटी एक-तृतीयांश वजा होतो. उरले 2,24,000. आता वयाचा गुणक. 26 ते 30 वयासाठी तो 17 आहे. 2,24,000 गुणिले 17, म्हणजे 38,08,000 रुपये. शिवाय अंत्यविधी आणि कुटुंबाने गमावलेला सहवास यांसाठी ठरावीक रकमा वेगळ्या.

मृताची स्वतःची चूक सिद्ध झाली तर तेवढे टक्के कमी होतात. पगाराचा पुरावा नसेल तर तो अंदाजाने धरतात, आणि अंदाज बहुधा कमीच असतो. 1 एप्रिल 2022 पासून अपघातानंतर सहा महिन्यांत अर्ज करायचा नियम आहे. अपघात नाशिकला झाला आणि घरचे परभणीला राहत असतील, तर परभणीलाही दावा लावता येतो. ही सोय फार थोड्यांना ठाऊक आहे.

साईट आणि कारखाना

इथे 1923 चा कामगार भरपाई कायदा होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून ही तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. काम करताना आणि कामामुळे मृत्यू झाला की मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करायची गरज नसते. सूत्र साधे आहे : मासिक वेतनाचा निम्मा भाग गुणिले वयाचा गुणक. पंचविशीतल्या कामगाराचा गुणक 216.91. वेतन 15,000 धरले तर 7,500 गुणिले 216.91, म्हणजे 16,26,825 रुपये. हातावर ठेवलेल्या पैशांशी ही रक्कम ताडून पाहा!

"तो आमचा नव्हे, ठेकेदाराचा माणूस," हे उत्तरही चालत नाही. मूळ कंपनीकडून भरपाई मागता येते, मग कंपनीने ती ठेकेदाराकडून वसूल करावी. आणि कामावरच गाडीच्या अपघातात मृत्यू झाला, तर मोटार कायदा आणि कामगार भरपाई यांपैकी एकच वाट निवडावी लागते.

वीज, दवाखाना, खड्डे

इलेक्ट्रिकलच्या मित्रांनी 2002 चा मध्य प्रदेश वीज मंडळाचा निकाल जरूर वाचावा. रस्त्यावर पाणी साचले होते, त्यात जिवंत तार पडलेली होती आणि सायकलवरून घरी निघालेला कामगार जागीच गेला. मंडळ म्हणाले, कोणीतरी आकडा टाकून वीज चोरत होते, आमचा काय दोष? सुप्रीम कोर्टाने ते ऐकले नाही. इतकी धोकादायक गोष्ट जो चालवतो, त्याने तिची जबाबदारी घेतलीच पाहिजे.

दवाखान्यातल्या हलगर्जीसाठी ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. डॉक्टरी सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे 1995 मध्येच ठरले. सगळ्यांनाच मोफत सेवा देणारे रुग्णालय मात्र त्यातून वगळले आहे. तिथे दिवाणी कोर्टाची वाट उरतेच.

खड्डा किंवा उघडे मॅनहोल यामुळे मृत्यू झाला तर वारसांना सहा लाख रुपये द्यावेत, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये दिला. रस्ता कोणी बांधला? आपल्यासारख्याच कोणीतरी.

पहिल्या काही दिवसांत काय करावे?

दुःखाच्या घरात कागद शोधायला कोणाला सुचत नाही. अशा वेळी शेजारी, मित्र, पुतण्या म्हणून आपण एवढे करू शकतो : एफआयआर, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवालाच्या प्रती घ्या. वयाचा पुरावा, पगाराच्या पावत्या किंवा बँकेचे पासबुक जपून ठेवा. जागेचे फोटो काढा, सोबतच्या कामगारांची नावे आणि फोन नंबर लिहून घ्या. 'सर्व रक्कम मिळाली, तक्रार नाही' अशा कागदावर वकिलाला विचारल्याशिवाय सही करू देऊ नका. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. 1987 च्या कायद्यानुसार स्त्रिया, मुले आणि औद्योगिक कामगार यांना तिथे मोफत वकील मिळतो.

आणि शेवटी आपल्याविषयी. 13 जून 1997 रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 59 माणसे गेली. आग लागली तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला. बाल्कनीत जादा खुर्च्या बसवून बाहेर पडायची वाट अडवली होती. ट्रान्सफॉर्मरची देखभाल, वायुवीजन, खुर्च्यांचा नकाशा, परवाने, हे सगळे विषय कोणत्या ना कोणत्या इंजिनिअरच्या टेबलावरून गेलेले असतात. उद्या आपल्या हाती इन्स्पेक्शनचे रजिस्टर येईल. तपासणी न करता त्यात 'ठीक आहे' लिहू नका. एखाद्या घराचा दावा त्या एका ओळीवर उभा राहतो किंवा पडतो. आणि तपासणी खरोखर केलेली असेल, तर दावा लावायची वेळच कदाचित येणार नाही.