नदीच्या कुशीतील काटा

मुलांनो, हाताने काढलेली चित्रे पडद्यावर हालू-बोलू लागली की ती निव्वळ करमणुकीसाठीच असावयाची, असा पुष्कळांचा समज असतो. जपानचे चित्रपटकार हायाओ मियाझाकी यांचा २००१ सालचा 'स्पिरिटेड अवे' हा चित्रपट पाहिल्यावर तो समज टिकत नाही.

चिहिरो ही दहा वर्षांची मुलगी देवांच्या एका स्नानगृहात येऊन पडते. आईवडिलांची सुटका व्हावी म्हणून तिला तेथे चाकरी पत्करावी लागते. एके दिवशी भर पावसात चिखलाने लडबडलेला एक अवाढव्य पाहुणा दारात उभा राहतो. त्याच्या दुर्गंधीने अन्नसुद्धा नासते. सारे नाक दाबून दूर होतात, आणि मालकीण त्याला न्हाऊ घालण्याचे काम नवख्या चिहिरोवर लोटते. (थोरांची ही खोड जुनीच आहे!) चिहिरो त्या चिखलात शिरते. तोच पाहुण्याच्या कुशीत काट्यासारखे काहीतरी रुतलेले तिच्या हातास लागते. दोरी बांधून सारे नोकर ते ओढू लागतात. बाहेर येते ती एक सायकल! तिच्यामागोमाग केरकचऱ्याचा डोंगरच लोटतो. तो पाहुणा म्हणजे एका थोर नदीचा देव होता. माणसांनी टाकलेली घाण तो अंगावर वागवीत होता.

हा प्रसंग केवळ कल्पनेतून उपजलेला नाही. मियाझाकी स्वतः एका नदीच्या साफसफाईस गेले होते, आणि त्या नदीतून खरोखरच सायकल निघाली होती.

तो देव आहे, हे चिहिरोला ठाऊक नव्हते. देव आहे असे कळल्यावर हात जोडणे सोपे असते. इतरांना त्याची किळस आली. तिला त्याचे दुखणे जाणवले. पुढे त्याने मागे ठेवलेले सोने वेचावयास मात्र तेच नोकर धावले.

दुसऱ्या नदीची कथा याहून कठोर आहे. चिहिरोचा सोबती हाकू आपले खरे नाव विसरलेला असतो. लहानपणी चिहिरो कोहाकू नावाच्या नदीत पडली होती, आणि त्या नदीने तिला अलगद उथळ पाण्यात आणून सोडले होते. हाकू तीच नदी होय. आता ती बुजवून तेथे घरे उठली आहेत. घरे बांधणारे कोणी राक्षस नव्हते. घर कोणाला नको असते? चिहिरोच्या तोंडून नाव ऐकताच हाकू बंधनातून मोकळा होतो. ती आईवडिलांसह परत फिरते. त्याचे पात्र मात्र इमारतींखाली गेलेले असते.