आजचे चिंतन : डोमगावची पोथी आणि कोरा समास

आजचा पाठ : श्रीमत् दासबोध, दशक १९, समास १ (लेखनक्रियानिरूपण)

मित्रांनो, आज हा समास वाचताना पहिल्यांदा वाटलं, यात अध्यात्म कुठे आहे? समर्थ इथे चक्क हस्ताक्षर कसं असावं ते सांगतात. अक्षर गोल, सरळ, मोकळं हवं. पहिल्या अक्षराचं वळण ग्रंथ संपेपर्यंत तसंच राहावं, जणू सगळं एकाच टाकाने लिहिलंय. पुढे तर पोथी गुंडाळायची वेष्टणं, बासनं, मेणकापड, पेट्या आणि कुलपंसुद्धा येतात!

जुन्या पोथीला बहुधा आजच्या पुस्तकासारखी शिवण नसते. सुटी पानं, वर-खाली लाकडी फळी आणि भोवती कापडी बासन. वाचायच्या आधी गाठ सोडायची, वाचून झालं की पुन्हा बांधायची. ती बांधणी रोज कोणीतरी हाताने करावी लागते. कंटाळा केला तर पानं विखुरतात.

हे सगळं कसं जपलं जातं ते पाहायचं तर धाराशिव जिल्ह्यात जावं लागेल. परंडा तालुक्यात सीना नदीकाठी डोमगाव आहे. तिथे समर्थशिष्य कल्याणस्वामींचा मठ. समर्थांनी सांगायचं आणि कल्याणांनी लिहायचं, असा दासबोध उतरला हे आपण लहानपणापासून ऐकतो. कल्याणांच्या हातची दासबोधाची प्रत या मठात होती. ती स्वतः समर्थांच्या नजरेखालून गेली, अशी परंपरा सांगते. २० दशक, २०० समास, ७७५१ ओव्या!

समर्थांचं निर्वाण १६८२ सालचं. नंतर पिढ्यान्‌पिढ्या मठाने ती पोथी सांभाळली. मग धुळ्याचे वकील शंकर श्रीकृष्ण देव समर्थ संप्रदायाची कागदपत्रं शोधत मठोमठी फिरले. डोमगावची प्रत त्यांनी आधाराला घेतली आणि १९०५ साली दासबोध छापला. म्हणजे समर्थांनंतर जवळजवळ सव्वादोनशे वर्षांनी एका मठाच्या बासनातलं धन घराघरांत पोचलं.

आता विचार करा, ही पोथी कोणाची? लिहिणाऱ्याची? मठाची? की छापणाऱ्याची? प्रत्येकाने ती आपली म्हणून जपली, पण आपल्यापाशी अडवून ठेवली नाही. जपणं आणि अडवणं यात फरक आहे. गाठ बांधता यायला हवी, तशी ती वेळेवर सोडताही यायला हवी.

समासातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगतो. समर्थ म्हणतात, पानाच्या चारी बाजूंनी जागा सोडा आणि मजकूर मधे लिहा. का? कागद जुना झाला की आधी कडा झडतात. कडा कोऱ्या असतील तर कागद झडला तरी अक्षर झडत नाही.

वाचून थांबलोच. माझ्या फोनमध्ये दासबोधाच्या तीन पीडीएफ आहेत. एकही पूर्ण वाचलेली नाही! फाईल सुरक्षित आहे, पण माझ्या दिवसाला समासच नाही. ऑफिस, लोकल, रील्स, सगळं अगदी कडेपर्यंत भरलेलं. मग जरा ताण आला की आधी काय झडतं? साधना. कारण ती आपण कडेला लिहिलेली असते.

कल्याणांनी अक्षर मधे ठेवलं, म्हणून ते टिकलं. आपणही साधना दिवसाच्या मधे ठेवूया. झडायचंच तर बाकीचं झडू दे.

आजचा अभ्यास : फोन बाजूला ठेवून वहीत, स्वतःच्या हाताने, दासबोधाच्या पाच ओव्या लिहा. चारी बाजूंनी समास सोडा. पहिल्या अक्षराइतकंच शेवटचं अक्षरही मन लावून काढा. आणि लिहून झाल्यावर ती वही घरातल्या एखाद्याला वाचायला द्या.

जय जय रघुवीर समर्थ!