तो खोका शनिवारी देऊ नकोस

जॅक्सन हाइट्स,
मंगळवार

चि. रोहनास,


काल रात्री वहिनीचा फोन आला. शनिवारी ट्रक येणार, बेसमेंट रिकामं होणार आणि दादाच्या कॅसेटींचा खोकाही त्यातच जाणार, असं म्हणाली. तू म्हणालास म्हणे, "आता सगळं फोनवर मिळतं." रात्रभर डोळ्याला डोळा नाही. तो खोका देऊ नकोस. आधी एवढं ऐक, मग बाकीचं वाच.

सगळं फोनवर मिळत नाही, रोहन. डी ला सोल या रॅप गटाचा १९८९ चा पहिला अल्बम दादाचा जीव की प्राण. त्यात जुन्या गाण्यांचे इतके तुकडे जोडलेले की हक्कांचा गुंता सुटेना. तो फोनवर यायला मार्च २०२३ उजाडला, आणि दादा त्याआधीच गेला. खोक्यात तर अल्बम नाहीतच. कोलंबिया विद्यापीठाच्या रेडिओवर, ८९.९ वर, गुरुवारी मध्यरात्रीनंतर एक ते पाच स्ट्रेच आणि बॉबिटोचा रॅपचा कार्यक्रम लागायचा. पुढे जगभर नाव झालेली पोरं कुणी ओळखत नव्हतं तेव्हा तिथे येऊन गेली. चार तास टेप करायला नव्वद मिनिटांच्या तीन कॅसेटी लागत. दर पाऊण तासाने बाजू बदलायला दादा उठायचा आणि सकाळी ७ नंबरच्या गाडीत उभ्याउभ्या पेंगायचा. अशा जागणाऱ्यांमुळेच ते कार्यक्रम आज उरलेत. तुझ्या बापाची झोप आहे रे त्या खोक्यात. ती ट्रकात घालतोस?

रागावले. पण मला तरी कुठला अधिकार? १९९३ च्या गणपतीत आईला फ्लशिंगच्या देवळातल्या आरत्या सांगलीला आजीकडे पाठवायच्या होत्या. कोरी कॅसेट सापडेना. पुसली जाऊ नये म्हणून दादाने एका कॅसेटीचे वरचे प्लॅस्टिकचे तुकडे मोडून ठेवले होते. मी त्या खाचांवर चिकटपट्टी लावली आणि आरत्या भरल्या. तेव्हा मला रॅप म्हणजे नळावरचं भांडण वाटे. दादाला कळलं तेव्हा एवढंच म्हणाला, "आजीला आवडेल." ओरडला असता तर बरं झालं असतं. त्या कॅसेटीवरच्या रात्री कार्यक्रमात कोण येऊन गेलं होतं, हे त्याने मला कधीच सांगितलं नाही.

ब्रॉन्क्सची गोष्ट मात्र शंभरदा सांगायचा. ११ ऑगस्ट १९७३. सेजविक ॲव्हेन्यूवरची १५२० नंबरची इमारत. सिंडी कॅम्पबेलने शाळेच्या नव्या कपड्यांना पैसे जमवायला तिथे पार्टी ठेवली आणि गाणी लावायला भावाला बसवलं. तो कूल हर्क. गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा आला की लोक पेटून नाचतात हे त्याने हेरलं होतं. तो तुकडा संपू नये म्हणून एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्डी आलटूनपालटून वाजवायचा. हिप-हॉपचा जन्म त्या रात्रीचा मानतात. दादाच्या तोंडी सतत हर्क. मला आता सिंडीच आठवत राहते. तिने भावाला जागा करून दिली. मी माझ्या भावाची एक रात्र पुसली.

तुझ्या आजोबांना, आबांना, रॅप कधी कळलं नाही. पण १९९४ साली नासचा पहिला अल्बम आला, आपल्याच क्वीन्सचा मुलगा. त्यातल्या एका गाण्याच्या अखेरीस त्याचे वडील ओलू दारा कॉर्नेट वाजवतात. दादाने आबांना तेवढंच ऐकवलं. मुलाच्या गाण्यात बाप वाजवतोय म्हटल्यावर आबा म्हणाले, "परत लाव."

म्हणून म्हणते, खोका देऊ नकोस. तुला ऐकायचं नसेल तर नको ऐकूस, मी आग्रह करणार नाही. फक्त तळाशी एक रिकामं कव्हर आहे ते बघ. दादा तारखा मराठीत लिहायचा. १९९६ मधला एक गुरुवार आहे, आत कॅसेट नाही. तारखेखाली लिहिलंय, "आज बाळ झालं." त्याने सोडलेला तेवढाच गुरुवार.

जागा नसेल तर माझ्याकडे ठेव. शनिवारी सकाळी ट्रकाच्या आधी मी पोचते. पुरणपोळ्या आणते, वहिनीला स्वयंपाक करू देऊ नकोस. खरं तर हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण परवा तू "आत्या" म्हणून हाक मारलीस ना, ती अगदी दादाच्या आवाजात आली. मला पुढे काही बोलवेना.

तुझी,
आत्या