आधी दवाखाना, मग ध्यान

‘दहा दिवस विपश्यनेला बसवा, दारू सुटेल,’ हा सल्ला सातारा-सांगलीकडे आपुलकीने दिला जातो. मला तो धोक्याचा वाटतो, आणि धम्माविषयी आस्था आहे म्हणूनच मी हे स्पष्ट बोलतो. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली, की हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. पुढच्या दोन-तीन दिवसांत काहींना भास होऊ लागतात, भान हरपते, आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर जीवही जातो. सांगलीकरांना जवळ पडणारे आळत्याचे धम्मालय असो वा इगतपुरीचे धम्मगिरी, तिथे मौन पाळून दिवसाचे सुमारे दहा तास बसायचे असते. ते ध्यानाचे ठिकाण आहे, दवाखाना नव्हे. प्रवेशअर्जात व्यसनाची आणि औषधांची माहिती विचारतात ती याचसाठी. ती लपवून घरच्या माणसाचे नाव नोंदवणे म्हणजे त्याला जाणूनबुजून संकटात ढकलणे.

मग बुद्धाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग मोठा आहे, पण तो शरीरातली दारू उतरल्यानंतरचा. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या शाळेत नाव दाखल झालेल्या भीमराव आंबेडकरांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात लाखोंना 22 प्रतिज्ञा दिल्या, त्यांत मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आहे. त्या प्रतिज्ञेने असंख्य घरे सावरली. मात्र जो घसरला त्याच्यावर ‘प्रतिज्ञा मोडली’ असा शिक्का बसला, की तो लपून पितो आणि विहाराची पायरी चढायचे सोडतो. पंचशील तर प्रत्येक वंदनेत नव्याने घेतले जाते; काल चुकलेल्यालाही आज ते घेता येते. सिगालोवाद सुत्तात दारूचे सहा तोटे सांगितले आहेत: पैसा जातो, भांडणे वाढतात, रोग जडतात, नाव बद्दू होते, लाज सुटते, बुद्धी दुबळी होते. सहाही याच जन्मातले, घरातल्या बाईला न शिकवता कळणारे.

तलफ आधी शरीरात उठते: घशात, छातीत, हातांत. ती उठते, चढते आणि ओसरते. तिच्यामागे न धावता तिच्याकडे पाहत राहणे ही शिकण्याची गोष्ट आहे. सिएटलचे मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या तुरुंगात विपश्यनेचा अभ्यास केला. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शिबिर केलेल्यांचे व्यसन तुरुंगातून सुटल्यानंतर तीन महिन्यांनी इतरांपेक्षा कमी होते. त्यांनी शिबिर स्वेच्छेने निवडले होते, म्हणून एवढ्यावर मी भिस्त ठेवणार नाही. 2014 च्या चाचणीत मात्र 286 जणांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी गटांत विभागणी केली होती. वर्षअखेर सजगतेचा सराव करणाऱ्या गटात व्यसनाचे दिवस कमी भरले. हे सगळे प्राथमिक उपचार पूर्ण केलेले होते, आणि माझा सारा मुद्दा यातच आहे.

विवेकवादी मित्र म्हणतील, डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी साताऱ्यात ‘परिवर्तन’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले, तिथे औषध आणि समुपदेशन आहे, मग ध्यान कशाला? या सरावाला देव लागत नाही, आत्मा लागत नाही. औषधाशी त्याचे वैर नाही. वारकरी म्हणतील, माळ घातली की सुटते. कित्येकांची सुटलीही आहे, कारण माळेबरोबर त्यांना नवी संगत मिळाली. बौद्ध परंपरेत ते काम संघाचे. उसाचे बिल खात्यावर जमा झाले की जुने सोबती हाक मारतात. शिबिराहून परतलेला एकटा माणूस त्या हाकेपुढे किती टिकणार?

म्हणून विहार समित्यांना विनंती आहे: आठवड्यातली एक संध्याकाळ दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी ठेवा, घसरलेल्यालाही त्याच सतरंजीवर बसवा. आणि घरच्यांनो, रोज पिणाऱ्याची दारू डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय एकदम तोडू नका. त्यासाठी मिरजेचे शासकीय रुग्णालय आहे, साताऱ्याचे ‘परिवर्तन’ आहे; काहीच सुचत नसेल तर 14446 या राष्ट्रीय मदतक्रमांकावर फोन करा, तो मोफत आहे.