फीची आठवण कशी लिहावी?

पूर्वी फी थकली की शाळेचा शिपाई चिठ्ठी घेऊन घरी येई. आता निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर येतो.

भोकरकडे बहुतेकांचा पैसा पिकावर. सोयाबीन निघते दसऱ्याच्या सुमाराला, कापूस त्यानंतर. शाळा मात्र जूनमध्येच उघडते. म्हणून फी राहिली की माणूस बुडव्या, असं समजू नये.

शाळेच्या मंडळींना आम्ही सांगतो : थकलेल्यांची नावं ग्रुपवर टाकू नका. साऱ्यांनी वाचलं की बापाची मान खाली जाते. पोरगं शाळेत यायला लाजतं. ज्याचं त्यालाच लिहा. असं लिहा :

"नमस्कार. आपल्या मुलीची पहिल्या सत्राची फी २,००० रुपये बाकी आहे. ३० तारखेपर्यंत भरावी, ही विनंती. अडचण असल्यास कळवा, हप्ते करून देऊ. पावती अवश्य घ्यावी."

पालकांनी निरोप नीट वाचावा. सरकारी व जिल्हा परिषदेच्या शाळांत ६ ते १४ वयाच्या मुलांना शिक्षण मोफत आहे. तसा २००९ चा कायदा आहे. खासगी शाळेची फी असेल, तर गप्प बसू नये. उत्तर द्यावं :

"निरोप मिळाला. सोयाबीन विकलं की भरतो."

आता हे उत्तर आपल्या मोबाईलवर स्वतः लिहून पाहा.