निखाऱ्यांवर की निखाऱ्यांशेजारी?

ग्रिलिंग आणि स्मोकिंग ही दोन्ही कामं झाकणाच्या एकाच बार्बेक्यूत होतात. ग्रिलिंगमध्ये पदार्थ थेट निखाऱ्यांवर असतो, २०० अंश सेल्सिअसच्या वर, आणि काही मिनिटांत भाजून निघतो. स्मोकिंगमध्ये निखारे एका बाजूला, पदार्थ दुसऱ्या बाजूला; झाकणाखालच्या ११० ते १३५ अंशांच्या धुरकट हवेत तो सावकाश शिजतो. आपला धुंगार वेगळा. तो शिजलेल्या रश्श्याला शेवटी वास देतो, इथे मात्र धुराची गरम हवाच मांस शिजवते.

नवशिक्यांनी दोन्ही रीती एकाच दिवशी, एकाच मांसावर करून बघाव्यात, असा माझा आग्रह आहे. त्यासाठी कोंबडीच्या सहा अख्ख्या तंगड्या घ्या. छातीचं मांस लवकर कोरडं पडतं. तंगडीतली चरबी नवख्या हाताला सांभाळून घेते. कातडी मात्र ठेवायला सांगा, आपल्याकडे दुकानदार न विचारता ती काढून टाकतात. आदल्या रात्री किलोला १५ ग्रॅम मीठ आणि थोडी मिरपूड चोळून तंगड्या फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात, न झाकता ठेवा. कातडी सुकते आणि पुढे खरपूस होते.

जागा उघड्यावरची हवी. बंद बाल्कनीत कोळसा पेटवूच नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. कोळसा पेटवायला रॉकेल नको, तो वास मांसात उतरतो. लोखंडी चिमणीत, म्हणजे कोळसा पेटवायच्या उभ्या नळकांड्यात, कोळसा भरा आणि खाली कागदाचा बोळा पेटवा. पंधरा-वीस मिनिटांत वरच्या कोळशांवर राखाडी साय धरते. मग अर्धी चिमणी निखारे बार्बेक्यूच्या एका कडेला ओता. रिकाम्या बाजूला, जाळीखाली, पाण्याचा पसरट ट्रे ठेवा. तो टपकणारी चरबी झेलतो आणि आचही आवरतो.

आता लाकूड. आंब्याचे किंवा पेरूचे मुठीएवढे दोन सुके तुकडे निखाऱ्यांवर ठेवा. भिजवू नका, पाणी उडून जाईपर्यंत नुसती वाफ निघते. पाइनसारखं राळेचं लाकूड, प्लायवुड किंवा रंगवलेल्या फळ्या कधीही नकोत. सुरुवातीला दाट पांढरा धूर येतो, त्यात मांस ठेवलं तर कडवट होतं. धूर विरळ, निळसर झाला की तीन तंगड्या पाण्याच्या बाजूला, कातडी वर करून ठेवा. बाकीच्या तीन फ्रिजमध्येच राहू द्या.

झाकण लावताना वरची झडप मांसाच्या डोक्यावर आणा, म्हणजे धूर मांसावरून वाहत बाहेर पडतो. ती उघडीच ठेवा. आच सांभाळायची ती खालच्या झडपेने: तापमान वाढलं तर थोडी मिटा, उतरलं तर उघडा, आणि दहा मिनिटं थांबून बघा. झाकण सारखं उचलू नका. उष्णता जाते आणि निखाऱ्यांना एकदम हवा मिळून ते भडकतात.

दीड ते दोन तासांनी हाडाला न टेकवता थर्मामीटर मांसात खुपसा. ७४ अंशांना कोंबडी खायला सुरक्षित होते, पण तंगडी ८० ते ८५ पर्यंत न्या. तिथवर चिवट कोलॅजन विरघळून मऊ जिलेटिन होतं, आणि स्मोकिंगचा सगळा खटाटोप त्यासाठीच असतो. टेक्सासात गाईच्या छातीचा भाग, ब्रिस्केट, ओकच्या धुरात बारा-बारा तास ठेवतात तो याच कारणाने. तिथे ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान तापमान तासन्‌तास अडून बसतं, कारण पृष्ठभागावरचं पाणी घामासारखं उडत मांसाला गार करतं. नवखे तेव्हा आच वाढवतात; वाट बघणं बरं.

धुरातल्या तंगड्या काढून घ्या. चिमणीत नवा कोळसा पेटवून त्याच बाजूला ओता, झडपा पूर्ण उघडा. उरलेल्या तीन तंगड्या थेट निखाऱ्यांवर ठेवून दर तीन-चार मिनिटांनी चिमट्याने उलटा. चरबी टपकून ज्वाळा उठल्या की तंगड्या लगेच गार बाजूला सरकवा, नाहीतर बाहेर काजळी आणि हाडाशी कच्चं अशी गत होते. अर्ध्या-पाऊण तासात त्या होतात. याही ८० च्या पुढे न्या. शेवटी धुरातल्या तंगड्याही मिनिटभर निखाऱ्यांवर धरा, कारण मंद आचेवर कातडी रबरी राहते.

दोन्हींचे तुकडे शेजारी ठेवून खा. धुरातली तंगडी कातडीखाली गुलाबी दिसली तरी घाबरू नका, धुरातल्या वायूंनी तो रंग येतो. शिजण्याची खात्री थर्मामीटरवरच करा. यापुढे कोळंबी, सुरमईचे काप, पनीर, कणसं निखाऱ्यांवर; मटणाचा खांदा किंवा डुकराच्या बरगड्या धुरात.

शेवटी सगळ्या झडपा मिटा. हवा तुटली की कोळसा विझतो आणि उरलेला पुढच्या वेळी चालतो. राख दुसऱ्या दिवशी, पूर्ण थंड झाल्यावरच काढा.