तांब्याचा गुण, तांब्याचा दोष

घागर, घंगाळ, बंब, पळी-पंचपात्र ही नावे आपल्या घरातली आहेत. पाणी प्यायच्या भांड्याला आपण 'तांब्या' म्हणतो, ते या तांबे धातूवरूनच. आज तांब्या स्टीलचा झाला, पण नाव तेच राहिले. या जुन्या धातूचे गुण आपण ओळखले पाहिजेत, आणि दोषही. ते ओळखले नाहीत, तर घरात माणसे आजारी पडतात आणि शेतात फवारणीचा पैसा वाया जातो.

माणूस लोखंडाच्या कितीतरी आधी तांबे वापरू लागला. अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरा नदीच्या काठी, दायमाबाद नावाचे गाव आहे. तिथे १९७४ साली जमीन खणताना चार जड वस्तू सापडल्या. एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा आणि एक बैलजोडीचा रथ. चारींचे वजन मिळून साठ किलोंहून जास्त! या वस्तू तीन हजार वर्षांहून जुन्या आहेत, असे जाणकार सांगतात. इतकी वर्षे मातीत राहून त्या टिकल्या. लोखंड असते तर गंजून गेले असते.

नुसते तांबे मऊ असते. त्यात कथील मिसळले की कासे होते. जस्त मिसळले की पितळ होते.

चिंचेने तांब्या का उजळतो?

तांब्याला हवा लागली की त्यावर काळपट थर चढतो. आपण चिंच किंवा लिंबू लावून घासतो. आंबटपणामुळे तो थर विरघळतो आणि धुऊन जातो. भांडे लखलखते.

आता जरा विचार करा. हेच भांड्याच्या आत घडले तर? तांब्याच्या भांड्यात ताक, आमटी, सरबत ठेवले, की आंबटपणा तिथेही तांबे विरघळवतो. ते तांबे अन्नात उतरते. अन्न कळकते, असे आपण म्हणतो ते हेच. असे अन्न खाल्ले की मळमळते, उलट्या होतात, पोटात दुखते.

यावर आपल्या लोकांनी फार पूर्वी उपाय काढला. तो म्हणजे कल्हई. कल्हईवाला भांडे तापवतो, नवसागर टाकतो, आणि कापसाने कथील आतून फिरवतो. तांब्यावर पांढरा, चकचकीत पातळ थर बसतो. मग अन्न तांब्याला लागतच नाही. कथील थोड्या आचेनेही वितळते. म्हणून कल्हईचे भांडे रिकामे चुलीवर ठेवू नये. 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' असे आपण म्हणतो खरे. पण आज कथील तांब्याहूनही महाग आहे, बरं का!

पाणी चालते का?

साधे पाणी चालते. २०१२ साली बंगळूरच्या संशोधकांनी एक प्रयोग छापून प्रसिद्ध केला. पाण्यात जुलाबाचे जंतू मुद्दाम सोडले आणि ते पाणी तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवले. नंतर तपासले, तर जिवंत जंतू सापडले नाहीत. मात्र यासाठी भांडे कल्हईचे नको आणि आतून स्वच्छ हवे. गढूळपणा आणि पाण्यातले क्षार तांब्याने जात नाहीत. म्हणून पाणी गाळणे, उकळणे सोडू नका.

द्राक्षचोर आणि औषध

तांबे जंतूंना मारते, तसे पिकावरच्या बुरशीलाही मारते. याचा शोध मोठ्या गमतीने लागला. फ्रान्स देशात बोर्डो शहराजवळ द्राक्षांचे मळे आहेत. वाटसरू द्राक्षे तोडून खात. म्हणून मळेवाले रस्त्याकडच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. निळा डाग पाहून कुणी हात लावीत नसे. मोरचूद हा तांब्याचाच क्षार. १८८२ साली मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञाने पाहिले, की मळ्यात केवडा रोग पडला आहे, पण रस्त्याकडच्या वेली हिरव्यागार आहेत! त्याने प्रयोग केले आणि १८८५ साली औषध जाहीर केले. तेच बोर्डो मिश्रण. कोकणात सुपारीच्या कोळेरोगावर आजही ते फवारतात.

एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात विरघळवावे. १ किलो कळीचा चुना वेगळ्या ५० लिटर पाण्यात भिजवून गाळावा. मग दोन्ही पाणी तिसऱ्या पिंपात एकदम ओतावे आणि काठीने ढवळावे. पिंपे प्लॅस्टिकची घ्या. लोखंडी नकोत, पत्र्याची नकोत.

मिश्रण जमले की नाही, हे कसे ओळखावे? घासलेला लोखंडी विळा त्यात थोडा वेळ बुडवा. पात्यावर तांबूस रंग चढला, तर मोकळे तांबे जास्त आहे. त्याने पाने करपतील. आणखी चुन्याची निवळी घाला. पाते तांबूस झाले नाही, की मिश्रण तयार. ते त्याच दिवशी वापरा.

मोरचूद विषारी आहे. ते मुलांच्या हाताला लागेल असे ठेवू नका. फवारताना तोंडाला फडके बांधा, नंतर हात साबणाने धुवा.

लक्षात ठेवा

आंबट पदार्थ बिनकल्हईच्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नका.
कल्हई उडाली की पुन्हा करून घ्या.
फवारणीआधी विळा बुडवून पाहा.

आज घरी गेल्यावर आपली तांब्या-पितळेची भांडी आतून पाहा. हिरवा डाग दिसला, तर ते भांडे घासल्याशिवाय वापरू नका. शेजारणीलाही हा धडा वाचून दाखवा.